बर्फाळ पठारावरचं ग्रीनहाऊस: पाणी, काच आणि उजेडाचा हिशोब (माइनक्राफ्ट, जावा)

#१ छावणीकर

आपल्या इंदूरकरांच्या सर्व्हरवर उत्तरेच्या बर्फाळ पठारावर आता बरीच घरं झाली आहेत आणि सगळ्यांची अडचण एकच आहे. पाण्याचा खड्डा गोठतो, वाफा कोरडा पडतो, गहू रेंगाळतो. चॅटमध्ये दिलेली उत्तरं वाहून जातात, म्हणून इथे एकदा नीट मांडतो. आकडे जावा आवृत्तीचे, १.१८ आणि त्यापुढचे. मोबाइलवरच्या बेडरॉकमध्ये हेच बांधकाम चालेल, वाढीचा वेग मात्र वेगळा धरा.

आधी गोठण्याचं कारण. बर्फाळ बायोममध्ये (खेळातल्या हवामानाच्या पट्ट्यात) पाण्यावर थेट आकाश असेल, शेजारच्या चार बाजूंपैकी एका तरी बाजूला पाणी नसेल आणि तिथे दिव्याचा उजेड १० पेक्षा कमी असेल, तर पाणी गोठतं. त्यासाठी हिमवर्षाव चालू असावा लागत नाही, निरभ्र दुपारीसुद्धा गोठतं. वाफ्याच्या मधल्या एकट्या खड्ड्याला चारी बाजूंनी माती, म्हणजे सगळ्या अटी पुऱ्या होतात. आणि बर्फ जमीन भिजवत नाही.

काच यातली पहिली अट मोडते. पाण्याच्या वर कितीही उंचीवर काचेचा एक ब्लॉक आला की खेळाच्या लेखी त्या पाण्यावर आकाश उरत नाही, पण उजेड मात्र १५ चा १५ खाली उतरतो. या खेळात काचेखाली ऊब साठत नाही. ग्रीनहाऊसचं काम म्हणजे पाणी गोठू न देणं, पिकाला उजेड देणं आणि जनावरं-झॉम्बी बाहेर ठेवणं. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: उघड्या शेताला पाऊस भिजवतो, काचेखालच्या शेताला नाही. म्हणून छत घातलं की पाण्याची सोय आतच हवी.

एक पाण्याचा ब्लॉक चारही दिशांना आणि तिरकंही ४ ब्लॉकपर्यंत जमीन ओली ठेवतो. पाणी जमिनीच्या पातळीवर किंवा एक ब्लॉक वर असावं. एक ब्लॉक खाली असेल तर उपयोग नाही. म्हणजे ९ × ९ चा चौरस, मधोमध पाणी, भोवती पेरायला ८० घरं. आपल्याकडे माळव्याला 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात, इथे नऊ पावलांना एक नीर पुरतं.

सामान, आतला वाफा ९ × ९ आणि बाहेरून ११ × ११ धरून:

पायाचा कठडा (जमिनीच्या पातळीला): दगडी विटा ४०
चार कोपऱ्यांचे खांब, ३ उंच: ओंडके १२
भिंतींची काच: १०६ (३ थरांचे १०८, त्यातून दाराचे २ वजा)
छताची कड: ओंडके ४०
छताची काच: ८१
दार १, स्लॅब (अर्ध्या उंचीचा ब्लॉक) १, पाण्याची बादली १, लँटर्न ४, दगडी कुदळ १

काच एकूण १८७, म्हणजे वाळूही १८७. एक कोळसा ८ ब्लॉक वितळवतो, तेव्हा २४ कोळसे लागतील. एका भट्टीत एका ब्लॉकला १० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. चार भट्ट्यांत ४७-४७ वाटून घातली तर आठ मिनिटांत सगळी काच हातात. लाकडी कुदळ घेऊ नका. ती ५९ वेळाच चालते आणि घरं ८० आहेत; दगडी १३१ वेळा चालते.

खाली दगड आणि वर लाकूड ही आपल्या राजवाड्याचीच रीत आहे, दिसायलाही छान वाटते.

क्रम महत्त्वाचा आहे. जमिनीवरचा बर्फाचा थर फावड्यानं आधी साफ करा, कारण मातीच्या वरचं घर रिकामं नसेल तर कुदळ चालत नाही. मग पाया, खांब, भिंती, छत. पाणी छत पूर्ण झाल्यावर. छताआधी उघड्या खड्ड्यात ओतलं तर तुम्ही काच आणायला जाईपर्यंत बर्फ झालेला असतो. मधल्या खड्ड्यात आधी स्लॅब वरच्या अर्ध्या भागात बसवा (खड्ड्याच्या कडेच्या वरच्या अर्ध्यावर नेम धरून), आणि त्या स्लॅबवर बादली ओता. पाणी स्लॅबच्या आत राहतं, जमीन भिजते आणि चालताना पाय खड्ड्यात जात नाही. सगळ्यात शेवटी कुदळ आणि बी.

दाराचा उंबरठा वाफ्याच्या पातळीलाच ठेवा. पिकातून नुसतं चाललं तर काही होत नाही, पण एक ब्लॉक वरून खाली उतरलं तर निम्म्याहून जास्त वेळा पायाखालचं फार्मलँड (कुदळलेली जमीन) मोडून साधी माती होते आणि रोप उपटतं. त्याच कारणासाठी आत उडी मारू नका आणि सेटिंगमधलं ऑटो-जंप बंद ठेवा.

#२ रामबागवाली

फार उपयोगी, काका. एक सुचवते. भिंतींना अख्ख्या काचेऐवजी पेन (काचेची पातळ तावदानं) लावले तर वाळू बरीच वाचते. ६ काचांचे १६ पेन होतात. १०६ पेनसाठी ७ वेळा बनवावे लागतील, म्हणजे ४२ काच. छताची ८१ धरून १२३. अगदी ६४ ची एक थप्पी वाचली.

छताला मात्र पेन नको. ते उभेच बसतात, आडवे होत नाहीत, आणि सगळीकडे अधिकच्या चिन्हासारखी जाळी होऊन मध्ये भोकं राहतात.

#३ छावणीकर

बरोबर, ताई. भिंतीला पेन, छताला अख्खी काच. हेच पक्कं धरू. वाळू त्या पठारावर नाही, दक्षिणेच्या किनाऱ्यावरून आणावी लागते, त्यामुळे एक थप्पी वाचणं मोठंच आहे.

काच चुकीच्या जागी बसली तर मोडून परत मिळत नाही, सिल्क टचचा मंत्र असलेलं हत्यार लागतं. ते नसेल तर कोपऱ्यांचे खांब आणि छताची कड आधी पूर्ण करा, मग काच. मापात चूक असेल तर ती लाकडातच कळते.

#४ तुकोगंज_११

काका, मी याच मापाचं दोन मजली केलंय. वरच्या मजल्यावर काच आहे, तिथे सगळं उत्तम. खालच्या मजल्याला वरच्या वाफ्याची मातीच छत आहे, म्हणजे आकाश नाही. तिथे चार कोपऱ्यांत भिंतीला चार टॉर्च लावले, छताच्या अगदी खाली. पाणी मधोमध आहे, सगळी जमीन गडद म्हणजे ओली दिसते. तरी मधल्या भागात गाजर पेरलंच जात नाही, क्लिक केलं तरी काही होत नाही. त्याच्या भोवती एक तिरका पट्टा आहे, तिथे पेरलं जातं पण रोप पहिल्या दिवसासारखंच राहतं. कोपऱ्यांकडचं मात्र काढणीला आलंय. पाण्यात काही चुकलंय का?

#५ रामबागवाली

पाण्यात काही चूक नाही रे, उजेड कमी पडतोय. आणि तू जे तीन पट्टे लिहिलेस ते नियमाला धरून अगदी तंतोतंत आहेत, म्हणून सगळा हिशोब मांडते. आकाश नसलेल्या कुठल्याही मजल्याला किंवा तळघराला हाच लागू पडतो.

पिकाचे उजेडाचे आकडे दोन. रोप टिकायला (आणि पेरलं जायला) त्याच्या घरात उजेड ८ हवा. वाढायला ९ हवा. या दोन आकड्यांत एकाचाच फरक आहे, आणि तुझा तिरका पट्टा त्या एकातच अडकलाय.

टॉर्चचा उजेड १४. दर ब्लॉकला १ कमी होतो. अंतर तिरकं मोजायचं नाही; आडवं, उभं आणि खाली अशी पावलं मोजून बेरीज करायची. दोन दिव्यांचा उजेड एकमेकांत मिळवला जात नाही, ज्याचा जास्त तोच धरला जातो. चार टॉर्च मिळून ५६ होत नाहीत.

जमीन पातळी ०, पीक पातळी १, तुझे टॉर्च पातळी ३. म्हणजे खाली उतरण्यातच २ गेले आणि पिकाच्या पातळीवर टॉर्चच्या बरोबर खाली १२ उरला. ९ च्या खाली जायचं नसेल तर आडवी पावलं जास्तीत जास्त ३. कोपऱ्यापासून तीन पावलांत १० घरं येतात, चार कोपरे मिळून ४०. ही तुझी काढणीला आलेली गाजरं. चौथ्या पावलावर उजेड ८. अशी घरं १६, पेरली जातात पण वाढत नाहीत. त्याच्या आतली २४ घरं ७ आणि त्याहून कमी उजेडाची, तिथे बी लागतच नाही. ४० + १६ + २४ = ८०. मधला मोकळा भाग वरून पाहिलास तर पत्त्यातल्या चौकटसारखा दिसेल, टोकं भिंतींच्या मध्याकडे, भिंतीपासून एक घर अलीकडे थांबलेली.

एफ३ (खेळाचे आकडे पडद्यावर आणणारी कळ) दाबून रोपाच्या घरात उभा राहा, 'ब्लॉक' उजेडाचा आकडा वाच. पट्ट्यावर ८ दिसेल.

उपाय. दिवे कोपऱ्यातून काढ आणि आत आण. मधल्या पाण्यापासून २ आडवी, २ उभी अशा चार जागा घे. नऊ बाय नऊचे चार भाग कल्पून प्रत्येक भागाच्या मध्यावर एक दिवा, असंच समज. तिथून कुठलंही घर आडव्या ४ पावलांपलीकडे जात नाही. छताला टांगलेला लँटर्न पातळी ३ वर येतो. त्याचा उजेड १५. १५ − ४ − २ = ९. सगळ्यात लांबच्या घरालाही बरोबर ९, एकही घर मागे राहत नाही.

त्याच जागी १४ चा दिवा असता तर चार कोपरे आणि चार भिंतींचे मध्य, अशी ८ घरं ८ वर अडकली असती. लँटर्नचा तो एक जास्तीचा उजेड इथे कामाला येतो.

चार लँटर्नना लोखंडाच्या ३२ गोळ्या आणि ४ टॉर्च लागतात. लोखंडाच्या एका विटेच्या (इंगॉट) ९ गोळ्या होतात, म्हणजे ४ विटा पुरेत, ४ गोळ्या उरतील.

#६ तुकोगंज_११

लावले! मधल्या सगळ्या घरांत गाजर पेरलं गेलं. एफ३ वर कोपऱ्यात ९ दिसतोय. मनापासून धन्यवाद, ताई.

माझ्या शेजाऱ्याकडे लोखंड नाही अजून. त्याला टॉर्चवरच भागवायचं असेल तर?

#७ रामबागवाली

त्याच चार जागी कुंपणाचा एक-एक खांब रोवायचा आणि त्यावर टॉर्च. आता टॉर्च पातळी २ वर आला, म्हणजे खाली उतरण्यात १ च जातो. १४ − ४ − १ = ९. जमतं. खांबाखालचं फार्मलँड माती होतं, म्हणून ४ घरं जातात आणि ७६ उरतात. लोखंड मिळाल्यावर बदलता येईल.

भोपळा असेल तर कात्रीनं कोरून त्यात टॉर्च घालून होणारा जॅक-ओ-लँटर्नही १५ चा आहे. तो छताला खालून चिकटवायचा, पातळी ३ वर. छताच्या आत बसवायचा नाही.

#८ सराफा_रात्री

छताच्या आत का नाही? मी नेदरमधून (खेळातल्या पाताळातून) ग्लोस्टोन आणलाय, तो छताच्या थरातच बसवणार होतो. खालून सपाट, सुंदर दिसतं.

#९ छावणीकर

भिया, ग्लोस्टोन १५ चाच आहे, पण छताच्या थरात बसला की पातळी ४ वर गेला. १५ − ४ − ३ = ८. मग कोपरे आणि भिंतींचे मध्य अशी ८ घरं अडकतात. सपाट छतच हवं असेल तर मजल्याची उंची एकानं कमी करा, आतून ३ ऐवजी २ ठेवा. मग छत पातळी ३ वर येतं आणि हिशोब परत ९ वर बसतो. दोन ब्लॉक उंचीत एंडरमनही (ब्लॉक उचलणारा उंच राक्षस) मावत नाही, हा वेगळा फायदा. तो फार्मलँड उचलत नाही, पण गवताचा ब्लॉक, माती, कलिंगड, भोपळा उचलून नेतो.

वरच्या काचेच्या मजल्यावर आकाशाचा उजेड आहे, तिथे हा हिशोब इतका काटेकोर लागत नाही. तरी दिवे लावाच. राक्षस जन्मायला ब्लॉक-उजेड ० लागतो, आणि रात्री दाराजवळचा एखादा अंधारा कोपराही पुरतो. काचेवर मात्र काही जन्मत नाही, त्यामुळे छतावरून कोणी आत पडेल ही भीती नको.

दोन मजल्यांचं अजून एक, तुकोगंज. वरच्या वाफ्यातल्या पाण्याच्या खाली एक भक्कम ब्लॉक ठेवला आहेस ना? वरच्या अर्ध्यातल्या स्लॅबमधलं पाणी खालून मोकळं असतं. तळ नसेल तर खालच्या मजल्यावर धार लागते आणि पिकं वाहून जातात.

#१० तुकोगंज_११

हो काका, दगडी वीट आहे.

#११ पलासियाकर

उजेडाचं समजलं. माझा प्रश्न काचेवर साचणाऱ्या बर्फाचा. दोन हिमवर्षावांत माझं छत पूर्ण पांढरं झालं, आतून आकाश दिसत नाही. दर वेळी फावडं घेऊन वर चढावं लागतं.

#१२ छावणीकर

हे टाळता येतं, तेही त्याच चार लँटर्नवर. बर्फाचा थर बसायला त्या घरात दिव्याचा उजेड १० पेक्षा कमी असावा लागतो. काच दिव्याचा उजेड अडवत नाही, म्हणून आत टांगलेला लँटर्न छताच्या वरही उजेड देतो.

लँटर्न पातळी ३, काच ४, बर्फ बसायची जागा ५. वर जाण्यात २ गेले, १३ उरला. म्हणजे आडव्या ३ पावलांपर्यंत १० किंवा जास्त. तिथे बर्फ बसत नाही. चौथ्या पावलावर ९, तिथे बसतो. ८१ काचांपैकी अशी घरं फक्त ९ आहेत: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि मधोमधचं एक. बाकी ७२ काचा हिवाळाभर स्वच्छ. लाकडी कडेवर बर्फ बसेल, बसू द्या, छान दिसतो. मधोमध पाचवा लँटर्न टांगला तर मधलंही मोकळं राहतं.

एक खबरदारी. आधीच बसलेला बर्फ वितळायला १२ चा उजेड लागतो, १० पुरत नाही. म्हणून लँटर्न लावायच्या आधीचं छत एकदा फावड्यानं साफ करा, नाहीतर १० आणि ११ च्या घरांतला जुना बर्फ तसाच राहील आणि हिशोब चुकला असं वाटेल.

#१३ पलासियाकर

हेच झालं होतं. दिवे लावले तरी अर्धा बर्फ राहिला म्हणून मी दिवे काढून टाकले. परत लावतो.

#१४ मालवी_माती

पाणी आणि उजेड झालं, आता पेरणीबद्दल लिहितो. बहुतेक जण ८० च्या ८० घरांत गहू पेरतात आणि पीक निम्म्या वेगानं येतं.

खेळ प्रत्येक रोपाला गुण देतो. रोपाखालची जमीन ओली असेल तर ४, कोरडी असेल तर २. भोवतीच्या आठ घरांत ओलं फार्मलँड असेल तर प्रत्येकी ०.७५, कोरडं असेल तर ०.२५. त्या घरात रोप असलंच पाहिजे असं नाही. सगळीकडे ओलं असेल तर ४ + ६ = १०. मग २५ ला या गुणांनी भागायचं, अपूर्णांक सोडायचा, १ मिळवायचा. १० गुणांना २५ ÷ १० = २, अधिक १, म्हणजे ३. दर खेपेला तीनात एक वेळा रोप एक पायरी वाढतं.

ही खेप म्हणजे रँडम टिक. एका ब्लॉकवर ती सरासरी ६८ सेकंदांनी येते. गव्हाला ७ पायऱ्या चढायच्या असतात. ७ × ३ × ६८ सेकंद, म्हणजे सरासरी २४ मिनिटं. खेळातला दिवस २० मिनिटांचा, त्याहून थोडं जास्त.

आता गुण निम्मे कधी होतात ते पाहा. त्याच जातीचं रोप तिरकं शेजारी असेल, किंवा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना असेल, तर गुण अर्धे. सगळा गहू असेल तर मधल्या रोपाचे १० चे ५ होतात, तीनात एकचं सहात एक होतं आणि २४ मिनिटांची ४८.

एका ओळीत एकच पीक आणि शेजारच्या ओळीत दुसरं, एवढं केलं की हे टळतं. ओळीत दोन्ही बाजूंना गहू चालतो, कारण दुसऱ्या दिशेला गहू नाही आणि तिरकंही नाही. नऊ ओळींना माझी सूचना: गहू, गाजर, गहू, बटाटा, गहू, गाजर, गहू, बटाटा, गहू. मधली ओळ गव्हाची आहे, तिच्यातलं एक घर पाण्याचं, म्हणून गहू ४४, गाजर १८, बटाटा १८. माळव्यातलं गहू-बटाट्याचं शेत काचेखाली आल्यासारखं दिसतं ते. भुट्ट्याच्या किसाला लागणारा मका मात्र या खेळात नाही.

भिंतीलगतची रोपं मागे पडणारच, त्याची काळजी करू नका. कडेच्या रोपाला भोवती पाचच घरं ओली, ७.७५ गुण, चारात एक, साधारण ३२ मिनिटं. कोपऱ्यात तीनच, ६.२५ गुण, पाचात एक, ४० मिनिटं. पाण्याला लागून असलेल्या रोपाचं एक घर पाण्यात गेलं तरी ९.२५ गुण राहतात आणि तीनात एक कायम राहतं. म्हणून पाणी मधोमधच ठेवावं, भिंतीशी नेऊ नये.

#१५ रामबागवाली

सुंदर लिहिलंत. काढणीला ओळी तपासताना एक नेहमी चुकतं ते सांगते. गाजर आणि बटाट्याची पानं चारच रूपं दाखवतात, त्यामुळे हिरवी गर्दी पाहून लोक लवकर मोडतात. गाजराचं नारिंगी टोक आणि बटाट्याचा पिवळसर कंद मातीवर दिसला की समजा तयार. त्याआधी मोडलं तर एकच हाती येतं, पूर्ण झाल्यावर २ ते ५.

जास्तीचं गव्हाचं बी कंपोस्टरात टाका. एका बीनं थर वाढण्याची शक्यता ३० टक्के, ७ थर भरले की बोन मील (हाडांच्या भुकटीचं खत) निघतं. ते गव्हाला एका वेळी २ ते ५ पायऱ्या चढवतं. कोपऱ्यातल्या मागे पडलेल्या रोपांना तेच घाला.

#१६ सराफा_रात्री

मधमाश्यांची पेटी आत ठेवली तर फरक पडतो का? आणि माझ्या मधमाश्या पावसात काचेखाली असूनही पेटीत जातात. काचेखाली तर पाऊस पडत नाही.

#१७ मालवी_माती

फरक पडतो, जागा बरोबर निवडली तर. परागकण घेतलेली मधमाशी पेटीकडे परतताना खालच्या पिकाला वाढवते, एका फेरीत १० वेळांपर्यंत. पीक तिच्या एक किंवा दोन ब्लॉक खालीच असलं पाहिजे. मोकळ्या शेतात ती उंचावरून निघून जाते आणि पिकाला काही मिळत नाही. आपलं छत आतून ३ ब्लॉक असल्यामुळे ती पिकाच्या आवाक्यातच उडते. काचेच्या घरात पेटी ठेवायचा मोठा फायदा हाच.

फुलं एका भिंतीशी, पेटी समोरच्या भिंतीशी. दोन्ही जवळ-जवळ ठेवलीत तर ती वाफ्यावरून जातच नाही. फुलासाठी दोन-तीन घरं सोडावी लागतील. पेटीला ६ फळ्या आणि ३ मेणपोळी लागतात, तीन मधमाश्या राहतात. मेणपोळी काढण्याआधी पेटीखाली शेकोटी पेटवा, म्हणजे त्या चिडत नाहीत. शेकोटीवर गालिचा अंथरा, म्हणजे भाजत नाहीत. पाण्यात त्यांना इजा होते, म्हणून मधल्या खड्ड्यावरचा स्लॅब इथेही उपयोगी आहे.

पावसाचं: मधमाशी डोक्यावर पाऊस पडतोय का ते पाहत नाही, जगात पाऊस चालू आहे का ते पाहते. म्हणून काचेखालीही आत जाते. रात्रीही तसंच. त्यावर उपाय नाही, तो वेळ सोडून द्यायचा.

#१८ पलासियाकर

खालच्या अंधाऱ्या मजल्यावर नेदर वार्ट (नेदरमधलं पीक) घ्यावं का? की त्यालाही ९ लागतो?

#१९ छावणीकर

नेदर वार्टला उजेड लागत नाही आणि पाणीही नाही. फक्त सोल सँड (नेदरमधली वाळू). त्याच्यासाठी काच आणि लोखंड खर्च करू नका, दगडी खोली पुरते. ऊसही उजेड पाहत नाही, त्याला लागून पाणी हवं. मशरूम उलट, १२ पेक्षा जास्त उजेडात पसरत नाहीत, म्हणून ते ग्रीनहाऊसमध्ये घेऊ नका. कलिंगड-भोपळ्याला ९ लागतो आणि वेलाशेजारी मोकळं घर लागतं. शेजारी फार्मलँड असेल तर फळ बसल्यावर त्याची माती होते, म्हणून गव्हाच्या वाफ्यात मिसळू नका, त्यांना वेगळी पट्टी द्या.

#२० तुकोगंज_११

अजून एक. रात्री झोपून उठलो तर पीक तेवढंच दिसतं. आणि वस्तीपासून लांब खाणीत दोन तास होतो, परत आलो तरी तसंच. बिघडलंय का काही?

#२१ रामबागवाली

बिघडलेलं नाही. झोपल्यावर घड्याळ पुढे जातं, पण रँडम टिक पुढे जात नाहीत. रोपाच्या दृष्टीनं ती रात्र झालीच नाही. आणि टिक खेळाडूच्या जवळपासच्या भागातच चालतात, लांब गेलास की शेत थांबतं. म्हणून ग्रीनहाऊस एकटं पठाराच्या टोकाला बांधू नका. भट्ट्या, पेट्या, मंत्राचं टेबल जिथे आहे, जिथे तुम्ही खरोखर वेळ काढता, त्याच्या लगत बांधा.

#२२ तुकोगंज_११

मग खाणीच्या तोंडाशीच दुसरं बांधतो. भिंतीला पेन, १२३ वाळू, १६ कोळसे, बरोबर ना?

#२३ रामबागवाली

१२३ ला ८ ने भाग, १५ पूर्ण जातात आणि ३ उरतात, म्हणजे १६ बरोबर. पण हा एका भट्टीचा हिशोब. चार भट्ट्यांत वाटलंस तर तिघींत ३१ आणि एकीत ३० जातील, प्रत्येकीला ४ कोळसे, तेही १६ च. आणि छत घातल्याशिवाय बादली ओतू नकोस.